उजव्या चौकटीवरची दोन भोकं

आमच्या नंदुरबारात ज्यू मोहल्ला नाही. तरी मी गेली दोन वर्षं दर रविवारी लोकांना तो पायी फिरवून दाखवते. हे ऐकून कुणाला वाटेल, बाईचं डोकं फिरलंय. फिरलंच आहे, नाही म्हणत नाही, पण ते इथं फिरलं नाही. ते कोचीला फिरलं.

निवृत्तीनंतर आम्ही सात-आठ मास्तरणी केरळला गेलो होतो. बाकीच्या जणी साड्यांच्या दुकानात शिरल्या आणि मी एका गाइडच्या मागे लागले. तो छत्री उंच धरून पंधरा-वीस माणसांना ज्यू लोकांच्या जुन्या गल्लीतून हिंडवत होता. बंद खिडकी दाखवी, सगळे बंद खिडकीकडे बघत. झिजलेली पायरी दाखवी, सगळे पायरीचे फोटो काढत. मी उभा जन्म इतिहास शिकवला, शिवरायांची आग्र्याहून सुटका सांगतानासुद्धा मागच्या बाकावर डबे उघडायचे. आणि इथं माणसं पैसे मोजून, उन्हात उभी राहून एक पायरी ऐकत होती. मला हेवा वाटला, सरळ सांगते. पोटात दुखलं माझ्या.

त्याच गाइडनं एका दाराशी आम्हाला थांबवून मेझुझा दाखवला. ज्यू माणसाच्या घरात शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक नळी ठोकलेली असते, जरा तिरकी. आत देवाची वचनं लिहिलेली गुंडाळी. येता-जाता तिला हात लावायचा आणि बोटं ओठांना लावायची. आपण उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो, तसंच. मला ते फार आवडलं. मी तिथल्या तिथे ठरवलं की आपणही टूर काढायची, आणि परतीच्या गाडीत बसण्याआधी एक पिवळी छत्री विकत घेतली.

छत्री आली, आता मोहल्ला आणायचा कुठून? पण अगदीच काही नव्हतं असं नाही. माझी आई सांगायची, ती लहान असताना आमच्या स्टेशनमागच्या गल्लीत रेल्वेतली तीन बिऱ्हाडं भाड्यानं राहायची. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. गल्ली त्यांना शनिवारवाले म्हणायची, कारण शनिवारी त्यांच्या घरची चूल पेटत नसे. बदल्या झाल्या, बिऱ्हाडं गेली, पुढं म्हणे देशही सोडून गेली. एवढंच मला माहीत. कुठली घरं, हे मी आईला कधी विचारलं नाही आणि आता विचारायला आई नाही.

इतिहासाच्या मास्तरणीला एवढा धागा पुष्कळ. मी गल्लीतलं सगळ्यात देखणं दार निवडलं. ते वहिनींचं. वहिनी म्हणजे माझ्या शेजारीण, बडबडीत माझ्यापेक्षा दोन आणे जास्तच. त्यांच्या दारावर पोपट, वेली, घंटा, काय काय कोरलेलं आहे. मी छत्री उंच करून सांगायची, "या उंबऱ्यातून शनिवारवाले ये-जा करत." लोक फोटो काढत. वहिनी आतून पदर सारखा करत बाहेर येत आणि सगळ्यांना चहा देत. आता ते दार वहिनींच्या यजमानांनी सुरतेला एक जुनी हवेली पाडत होते तिथून आणलेलं, हे मला ठाऊक होतं. गल्लीला ठाऊक होतं. पण मी त्याला खोटं म्हणत नव्हते, अंदाज म्हणत होते. पाहुणे फार येत असं नाही. कुणाचे जावई, बँकेत नवे बदलून आलेले साहेब, एकदा तर लग्नाची अर्धी वरात आली. थंडीत पलीकडच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, लाल मिरची पडलेली असते, त्यामुळे माझी अर्धी टूर शिंकण्यातच जाते. पण काय मजा यायची. मी रविवारची वाट शनिवारी सकाळपासून बघायची.

आणि मग एक दिवस माझ्या मोबाइलवर इस्राएलहून निरोप आला.

लिहिणारी एका म्हाताऱ्या बाईची मुलगी होती. कुणीतरी टाकलेला माझ्या टूरचा फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला होता. तिची आई नंदुरबारात जन्मली होती, आजोबा रेल्वेत होते. आई चार वर्षांची असताना त्यांनी हे गाव सोडलं. आता आईची ऐंशी जवळ आली आहे आणि तिचा एकच हट्ट आहे, त्या घराच्या चौकटीला एकदा हात लावायचा. मेझुझा आजोबांनी जाताना काढून नेला असेल, पण खिळ्यांची दोन भोकं राहिली असतील, एकाखाली एक, जरा तिरकी. आम्ही तुमच्या टूरला येतो. चालेल ना?

मी दोनदा वाचलं. मग पाणी प्यायले. मग तिसऱ्यांदा वाचलं. कोचीच्या गाइडला कधी असा निरोप आला असेल का, असा पहिला विचार मनात आला, आणि मी घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या, हवेत. दुसरा विचार आला आणि पाचावर धारण बसली. ती बाई सुरतेच्या हवेलीच्या दाराला हात लावायला हजारो मैलांवरून येणार. बँकेच्या साहेबांना पोपट दाखवणं वेगळं. हिला खरंच चौकट हवी होती, आणि ती कुठं आहे ते मला माहीत नव्हतं.

तरी मी "या" असं कळवलं. शनिवार सोडून या, म्हणजे तुम्हाला प्रवासाची अडचण नको. शनिवारी ज्यू माणूस प्रवास करत नाही, एवढं मला कळत होतं.

मग लागले कामाला. गल्लीत अकरा घरं जुन्या बाजूची. मी प्रत्येक दारात गेले आणि वर्गात शिकवावं तसं शिकवलं. पाहुणी कोण, ती कशासाठी येते, मेझुझा म्हणजे काय. प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून दाखवलं, "इथं, खांद्याच्या वर, दोन भोकं, असं तिरकं. तुमच्याकडे आहेत का?" कुणाकडे नव्हती. कुणी रंग दिलेला, कुणी चौकट बदललेली, कुणी म्हणे आमच्या आजोबांनीच हे घर बांधलं, इथं कसले ज्यू. शेवटचं घर आबांचं. आबा कोरीटचे शेतकरी, शेती तिकडे आणि घर इथं. त्यांनी जुनं घर पाडून नवं बांधलेलं, समोर फरशी आणि मोठं लोखंडी दार. मी तिथं नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मन्हं दार लोखंडनं शे, बाई," आणि आत निघून गेले. आबा मुळातच घुमे, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही.

चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. "बाई, सापडली. आमच्याकडेच होती. रंगाखाली दबलेली."

मी चप्पल न घालता धावले. खरंच, दोन भोकं, तिरकी. सुरतेच्या हवेलीतही कोणी ज्यू राहत असेल, असं मला क्षणभर खरंच वाटलं, इतकी मी हपापलेली होते. तेवढ्यात समोरच्या घरातून हाक आली, आमच्याकडेही सापडली. मग बाजूच्या. तीन झाली तेव्हा मला गहिवरून आलं. आई सांगायची ती तीन बिऱ्हाडं. तीनच. मी वहिनींना मिठी मारली. मग चौथं घर म्हणालं, इकडे पण या. पाचव्यात मी उंबऱ्यावर बघितलं, लाकडाचा ताजा भुगा पडलेला. सहाव्या घरातून भोक पाडायच्या मशीनचा आवाजच येत होता.

मी कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि अशी काय ओरडले की पथारीवरची माणसं बघायला आली. दहाच्या दहा चौकटींना भोकं. मशीन वहिनींच्या यजमानांचं, आणि ते घरोघर फिरवलेलं. एकानं घरात उभं राहून उजवी बाजू धरली, म्हणून ती बाहेरून डावी झाली. एकाची तिरकी उलटी. एकानं दोनाऐवजी चार पाडून ठेवली होती, का तर लागलीच तर असावीत.

"हे काय केलंत?" मी वहिनींना विचारलं.

वहिनींना काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. "अहो, बाईमाणूस एवढी लांबून येणार. ती कुठल्याही दाराशी थांबली तरी तिला ते मिळायला नको का? आमच्या गल्लीतून पाहुणा रिता कसा जाईल?"

मीच घरोघर जाऊन खूण शिकवून आले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्या लोकांना पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. भाकरी नसली तर शेजारून आणतात, आणि भोक नसलं तर पाडतात. मी रागावले होते आणि मला हसूही येत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या मायलेकी सुरतेहून उतरणार होत्या.

त्या उतरल्या. म्हातारी म्हणजे एवढीशी, पाठीत वाकलेली, पायात पांढरे बूट, डोक्यावर उन्हाची टोपी. गल्ली दोन्ही बाजूंनी नटून उभी. मी आठवडाभर पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं. तिनं हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाली, "बाय, आधी जरा पाणी दे गो. उन्हात उभं करून ठेवलंस ते."

गल्लीत जी काय खसखस पिकली. कोकणातलं ते मराठी आमच्या अहिराणी गल्लीपेक्षा मराठी होतं. मुलीला मात्र एक अक्षर येत नव्हतं, ती सगळ्यांना नमस्कार करत सुटली होती. वहिनींनी पाणी आणलं, चहा आणला, शेव आणली. मग म्हातारी उठली, माझ्या छत्रीकडे बघून म्हणाली, "चल, दाखव."

पहिलं दार वहिनींचं. मी छत्री उंच केलीच नाही. ती चौकटीजवळ गेली, चष्मा वर केला आणि भोकाकडे बघितलं. मग त्यातला भुगा बोटाच्या टोकावर घेतला, हुंगला, आणि पुढच्या दाराशी गेली. तिथंही भोकं. तिसऱ्या दाराशी भोकं. चार भोकांच्या घराशी आली तेव्हा तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. ती हसत होती, इतकी की तिला ओट्यावर बसवावं लागलं. मुलीनं विचारलं काय झालं, तिनं त्यांच्या भाषेत सांगितलं, मग मुलगीही तिच्या शेजारी बसून हसायला लागली. वहिनींना वाटलं आपल्या कामाचं कौतुक चाललंय, त्याही हसल्या. कुणाला तरी मिरचीची शिंक आली, मग सगळ्यांना आली, आणि गल्लीभर माणसं हसतायत, शिंकतायत, पदरानं डोळे पुसतायत. अशी टूर मी जन्मात काढली नव्हती.

हसू ओसरल्यावर म्हातारीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे सापडलं नाही तर," ती म्हणाली.

मी छत्री मिटली. मी तिला सगळं सांगितलं. की मला घर माहीत नाही. की पोपटाचं दार सुरतेचं आहे आणि मी दोन वर्षं लोकांना थापा मारल्या. की ही भोकं या लोकांनी पाडली ती तुम्हाला फसवायला नाही, तुमचं मन राखायला. माझी मान वर होत नव्हती. इतकी वर्षं खोटं उत्तर लिहिलेल्या मुलींना मी बाकावर उभं केलं, आणि आता मी उभी होते.

ती माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "असू दे गो. एवढ्या लोकांनी माझ्यासाठी दारं फोडली, हे काय कमी?" पण तिचा चेहरा पडला होता. ते सगळ्यांना दिसलं.

तेव्हा लोखंडी दार वाजलं. आबा सकाळपासून दाराच्या जाळीमागे उभे राहून बघत होते, ते बाहेर आले. पागोटं हातात. ते म्हातारीशी नाही, माझ्याशी बोलले. "बाई, घर मन्हंच व्हतं. जुनी चौकट सागनी व्हती, मी फेकी नही. ती कोरीटले शे. म्हशीसना गोठाले लायेल शे."

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ किंचाळले.

आबांनी खाली बघितलं. "कसं सांगू? तिन्हा देवनी वस्तू. आनि मी तठे शेणमा लायी दिधी."

म्हातारीला अर्धंच कळलं. उरलेलं मी सांगितलं, की चौकट आता कोरीटला म्हशींच्या गोठ्याला आहे, आणि देवाची वस्तू शेणात लावली म्हणून आबा लाजून लपवत होते. ती उठून उभीच राहिली. "म्हशीच्या गोठ्यात असेना का. माझ्या आजोळी गोठ्यातच पाळणा बांधायचे. चल."

मग काय विचारता. टूरचा कार्यक्रम मोडला आणि मिरचीच्या टेम्पोत म्हातारी पुढं, आबा तिच्या शेजारी चोरासारखे अंग आखडून, आणि मागं अख्खी गल्ली, शेव-पाण्यासकट. पोत्यांचा वास तसाच होता, आम्ही कोरीटपर्यंत शिंकतच गेलो. वहिनी प्रत्येक वळणावर विचारत होत्या, आता आमची भोकं बुजवायची का ठेवायची. मी म्हटलं ठेवा, खिळे ठोकून पिशव्या अडकवा.

कोरीटला गोठ्यापुढं सडा घातलेला होता आणि जमीन नवी सारवलेली होती. आबा आदल्या दिवशी गुपचूप येऊन करून गेले होते. कुणाला सांगायचं धाडस नव्हतं, आणि तसंच सोडायलाही मन होईना. दारात एक म्हैस आडवी उभी. ती काही हलेना. आबांनी चुचकारलं, वहिनींच्या यजमानांनी ढकललं, मी छत्री उघडून दाखवली. शेवटी म्हातारीनंच तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "सरक गो बाय, माझं घर आहे." म्हैस सरकली.

चौकट ठेंगणी होती. खालचा भाग वाळवीनं खाल्लेला, सुतारानं तो कापून टाकलेला. जुना हिरवा रंग, थरावर थर, पोपडे आलेला. उजव्या बाजूला, माझ्या छातीच्याही खाली, बोटभर लांबीची एक तिरकी जागा कोरी होती. तिथं रंग कधी लागलाच नव्हता. दर वेळी रंगवणाऱ्यानं नळीच्या कडेकडेनं कुंचला फिरवला होता. वर एक भोक, खाली एक भोक, आणि खालच्यात गंजलेल्या खिळ्याचा तुकडा. असं काही मशीननं पाडता येत नाही. मी पाहिलं आणि मला रडू फुटलं. वहिनींनाही फुटलं.

आबा हात जोडून म्हणाले, सुताराले बलावस, आज काढी देस, लई जाय. मी तिला मराठीत सांगितलं, सुतार बोलावून आजच काढून देतो, घेऊन जा म्हणतायत. तिनं मान हलवली. "नको. म्हशीला दार लागतं ना."

मग ती त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. "माझा भाऊ मोठा होता," ती म्हणाली. "त्याचा हात पोचायचा. माझा नाही पोचायचा, मग मी रडायची. बाबा म्हणायचे, उचलणार नाही. पुढच्या वर्षी तुझा तुझाच पोचेल. आणि पुढच्या वर्षी आम्ही इथं नव्हतो."

मुलीनं तिचा दंड धरला होता, तिनं तो सोडवून घेतला. एकटी पुढं झाली. जागा तिच्या खांद्याच्या खाली होती, हात नुसता पुढं केला असता तरी पुरला असता. पण तिनं हात डोक्याच्या वर नेला, आणि पांढऱ्या बुटांच्या टाचा उचलून ती चवड्यांवर उभी राहिली.